बिनबिजागरीचा पंख

आमच्या सरांच्या केबिनला दार नव्हतं. इमारत बांधली तेव्हा होतं; सरांनी ते काढून जिन्याखाली उभं करून ठेवलं होतं. मी कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी विभागप्रमुखांनी मला त्यांच्याकडे पाठवलं. सवयीनं टकटक करायला मी हात उचलला आणि हात हवेतच राहिला. आत पन्नाशी ओलांडलेला एक माणूस प्लास्टिकची फूटपट्टी दोन्ही हातांत धरून हळूहळू वाकवत बसला होता. त्यांच्या चष्म्याला काड्या नव्हत्या. कानांवरून मागे काळं इलॅस्टिक गेलं होतं, पोहायच्या गॉगलसारखं.

"या मॅडम. दार शोधू नका, त्याला बिजागऱ्या होत्या," ते म्हणाले.

मला वाटलं, बिजागऱ्या गंजल्या असतील, सुतार यायचा असेल. तसं काही नव्हतं. सरांना बिजागरी ही गोष्टच सहन होत नसे. चष्म्याच्या काड्या घडी होतात, म्हणून काड्या नाहीत. डब्याला कडी असते, म्हणून पोळीभाजी फडक्यात बांधून आणायची. विभागातल्या लोखंडी कपाटाची दारं त्यांनी एका रविवारी उतरवली, तेव्हा प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. सरांनी तिथंही तेच सांगितलं जे ते प्रत्येक वर्गाला पहिल्या तासाला सांगत: "बिजागरी आली की फट आली, फट आली की वारा शिरला." प्राचार्य म्हणाले, "सर, कपाटात कुठला वारा?" सर म्हणाले, "सवय लागते."

ते यंत्ररचना शिकवायचे. कॉलेज शहराबाहेर, त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला. घर पार नाशिकरोडकडे, बुद्धविहारामागच्या कॉलनीत. रोज स्कूटरवरून यायचे आणि रोज द्वारका चौकात अडकायचे. तिथं वाहनांच्या गर्दीत सगळेच अडकतात, पण सर सिग्नल सुटल्यावरही अडकायचे. चौकावर घारी फिरत असतात. सर मान वर करून त्यांच्याकडे बघत राहायचे आणि मागून हॉर्नचा गजर व्हायचा. तिथला वाहतूक पोलीस त्यांना ओळखायला लागला होता. "चला घारवाले सर, हिरवा झाला," असं तो दुरूनच सांगायचा.

घारीचा पंख वळतो तेव्हा कुठूनही मोडल्यासारखा दिसत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आपल्या विमानाच्या पंखाला मागच्या बाजूला पट्टी असते. ती बिजागरीवर खालीवर होते. उतरताना खाली झाली की विमान हळू उडू शकतं. पण पट्टी आणि पंख यांच्यात फट राहते, आकार तिथं अचानक मोडतो, वारा खळखळतो, आवाज होतो, ताकद वाया जाते. पाखराचा पंख मात्र आख्खाच वाकतो. हळू जायचं असलं की फुगीर होतो, वेगात जायचं असलं की सपाट. सरांना तसा पंख करायचा होता, लहानशा मानवरहित विमानासाठी. मोठ्या विमानाचं नावही ते काढत नसत. "ज्यात माणूस बसतो त्यात प्रयोग करू नये. आधी रिकाम्यात करावा," म्हणायचे. त्याला कुणी ड्रोन म्हटलेलं त्यांना खपत नसे. ड्रोन म्हणजे ते चार पंख्यांचं, लग्नात फोटो काढणारं. हे विमान होतं.

माझी पीएचडी मी याच पंखावर करायची असं ठरलं. ठरलं म्हणजे सरांनी ठरवलं. मी कळवणची, स्कूटर चालवायला तिथल्या शेतरस्त्यांवर शिकलेली, आणि सरांना विषयापेक्षा माझ्या स्कूटर चालवण्याचाच उपयोग जास्त वाटला असावा. कॉलेजात वाऱ्याच्या चाचणीची पेटी होती, पण तिच्यात आमचा पंख मावत नव्हता. म्हणून सकाळी लवकर, यात्रेकरूंच्या गाड्या सुरू व्हायच्या आत, मी त्र्यंबक रस्त्यावर एका ठरावीक वेगानं स्कूटर चालवायची आणि सर मागे उलटं बसून, हात लांब करून, पंखाचा तुकडा वाऱ्यात धरायचे. उलटं अशासाठी की पंखाची मागची कड त्यांना बघायची असायची. मागून येणाऱ्या जीपमधले लोक आमच्याकडे बघून हात हलवत. एक आजीबाई तर आम्हाला नमस्कार करून गेल्या.

एकदा पोलिसानं थांबवलं.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

"पंख," सर म्हणाले.

"कुणाचा?"

"अजून कुणाचा नाही."

पोलिसानं माझ्याकडे वळून पाहिलं. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता."

मी म्हटलं, आम्ही दोघंही शिकलेलेच आहोत, कॉलेजात शिकवतो. त्यानं कागद तपासले. हेल्मेट दोघांच्या डोक्यावर होतं. उलटं बसण्याबद्दल नेमकं काय लावायचं हे त्याला सुचेना. शेवटी "निदान हे तरी सरळ धरा" असं काहीतरी बोलून त्यानं सोडलं. पुढे गेल्यावर सर म्हणाले, "त्याचं बरोबर आहे, मी जरा तिरकाच धरला होता."

पंखाच्या आतला सांगाडा त्यांना माशाकडून मिळाला. सर शाकाहारी. तरी नदीकाठच्या मासळी बाजारात जाऊन ते रोहूचं शेपूट बोटानं दाबून बघायचे. तिथली एक मावशी सुरुवातीला वैतागायची. "घ्यायचाय का नुसता खेळायचाय?" ती विचारायची. मग सर एखादा मासा विकत घ्यायचे आणि कॉलनीतल्या शेजाऱ्यांकडे देऊन टाकायचे. मलाही ते एकदा घेऊन गेले. त्यांनी माझं बोट धरून माशाच्या शेपटावर टेकवलं. मी एका बाजूनं दाबलं तर शेपूट माझ्यापासून दूर जाण्याऐवजी टोकाशी माझ्याच बोटाकडे वळलं.

"माणसाला ढकललं तर तो लांब जातो," सर म्हणाले. "हे ढकललं तर जवळ येतं. म्हणजे ज्या बाजूनं वारा ढकलेल त्या बाजूला ते स्वतःच वाकायला बघतं. मोटार लहान चालेल आपल्याला."

मावशी म्हणाली, "आता बाईंनीपण दाबला. घ्या मासा."

सांगाडा जमला, तरी वरचं कातडं जमेना. पंख वाकला की एका बाजूला ताणायचं आणि दुसऱ्या बाजूला सुरकुती पडायची. सुरकुती म्हणजे पुन्हा फटीचीच बहीण. सायकलची ट्यूब झाली, दवाखान्यातले हातमोजे झाले, पोहायची टोपी झाली. मग एके दिवशी काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, त्यांना घेऊन शालिमारच्या बाजारात स्वतःच्या खरेदीला गेल्या, आणि सरांनी दुकानातली एक लेगिंग उचलून दोन्ही हातांनी ताणायला सुरुवात केली. मग दुसरी, मग तिसरी. दुकानदार म्हणाला, "साहेब, साइज काय पाहिजे?" सर म्हणाले, "साइज नको, ताण सांगा." हा प्रसंग मला काकूंनी सांगितला, आणि सांगताना त्या हसत नव्हत्या. "मला त्या दुकानात परत जाता येत नाही," त्या म्हणाल्या. पण शेवटी पंखावर बसलं ते तेच कापड, वर सिलिकॉनचा पातळ हात देऊन. गर्द जांभळं होतं, कारण तेवढ्याच रंगात हवा तसा ताण मिळाला.

काकू महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. कमी बोलायच्या आणि नेमकं बोलायच्या. घरात आतल्या खोल्यांना पडदे होते. बाहेरचं दार आणि न्हाणीघराचं दार मात्र काकूंनी राखलं होतं. "मी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं, या दोन दारांना हात लावलात तर मी माहेरी," असं त्या म्हणायच्या. त्यांच्या लग्नाची गोष्टही त्यांनीच सांगितली होती. सरांचं स्थळ बघायला आलं, तेव्हा पाहुण्यांसाठी घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सर चहा होईपर्यंत खाली वाकून खुर्चीचे सांधे तपासत राहिले. "मला बघायला आले आणि खुर्ची बघून गेले," काकू म्हणायच्या. "दोन दिवसांनी होकार आला. मी वडिलांना विचारलं, नक्की कुणाला?"

त्यांचं सगळंच गोड होतं असं नाही. एका मुलानं खपून केलेला प्रकल्प त्यांनी बिजागऱ्या आहेत म्हणून बघायचंच नाकारलं होतं. तो मुलगा बाहेर जाऊन रडला. मी सरांशी भांडले, तेव्हा त्यांनी गुण दिले, पण कौतुकाचा शब्द काही दिला नाही. परीक्षेची पाळी ते हटकून विसरत. माझी आकडेमोड त्यांनी किती वेळा फाडून पुन्हा करायला लावली ते मी मोजलं नाही. चूक कुठं आहे हेही सांगायचे नाहीत. "तुम्हाला सापडली तर पुढच्या वेळी होणार नाही," एवढंच. मला वेळ लागायचा, पण ती चूक पुन्हा होत नसे, हेही खरं.

गिधाडं आमच्या कामात आली ती वनखात्याच्या एका अधिकारी बाईंमुळे. त्या कॉलेजात व्याख्यानाला आल्या होत्या. त्र्यंबकेश्वरच्या बाजूला एका उंच कड्यावर गिधाडं घरटी करतात. खालून बघितलं तर कपारीतलं घरटं दिसतं, पण आतलं पिल्लू दिसत नाही. वरून वाकून बघितलं तर कपारच दिसत नाही. किती पिल्लं जगली हे कळायला काही मार्ग नव्हता. चार पंख्यांचं ड्रोन नेलं की त्याच्या गुणगुणण्यानं पाखरं घरटं सोडून उठतात, आणि उठलेलं गिधाड वेळेवर परत येईलच असं नाही. व्याख्यान संपल्यावर सर त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "माझ्याकडे एक पंख आहे. हळू जातो आणि गप्प जातो."

त्यानंतर आमचे शनिवार-रविवार कड्याखाली जायला लागले. तिथला वनरक्षक जवळच्याच पाड्यावरचा होता. हिवाळ्यात पहाटे तो शेकोटी करायचा. सर दुर्बीण लावून तासन् तास बसायचे. वनरक्षकानं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, सरांना गिधाडं लय आवडत्यात का?"

मी म्हटलं, "आवडतात की नाही माहीत नाही. पण त्यांच्यात त्यांना एकही बिजागरी सापडली नाही."

तो म्हणाला, "माझ्या आजाला त्यांचा लय राग यायचा. मेलेल्या गुरावर बसत्यात म्हणून. आता मला त्यांचीच राखण करायचा पगार मिळतोय."

विमान तयार झालं. परवानग्या मिळाल्या. त्याच सुमारास पुण्याच्या एका कंपनीनं आमच्या पंखात रस दाखवला. प्रत्यक्ष उड्डाण आणि कड्याची छायाचित्रं बघून पुढचं ठरवू, असं त्यांचं म्हणणं होतं. कॉलेजला हे फार हवं होतं. मलाही हवं होतं, कारण माझ्या प्रबंधात जमिनीवरच्या चाचण्या झाल्या होत्या, हवेतल्या नोंदी काय त्या बाकी होत्या. ज्या एकाच विमानात सगळी मोजमापाची यंत्रं बसवली होती ते हेच.

जानेवारीतली स्वच्छ सकाळ होती. कंपनीचा एक तरुण अधिकारी आला होता, वागायला अतिशय नम्र. मी विमान डोक्यावर धरून धावले आणि सोडलं. ते वर चढलं. सरांच्या गळ्यात नियंत्रणाची पेटी होती, दोन्ही अंगठे तिच्यावर. कड्याजवळ आल्यावर त्यांनी वेग कमी केला आणि पंखाची मागची कड वाकली. खालून नीट दिसलं. जांभळा पंख कुठंही न मोडता फुगीर झाला आणि विमान वाऱ्यावर जवळजवळ तरंगायला लागलं. आवाज असा नाहीच. कंपनीचा अधिकारी हळूच म्हणाला, "कमाल आहे सर." कपारीतलं एक गिधाड आपल्या घरट्यावर बसून होतं. त्यानं मान वळवली, पण उठलं नाही. विमानातल्या कॅमेऱ्याचं चित्र मी पडद्यावर बघत होते. पहिली दोन घरटी पार झाली. मला वाटलं, झालं आपलं काम.

तेवढ्यात डोंगराच्या धारेमागून दुसरं गिधाड आलं. तिसऱ्या घरट्याकडे उतरत होतं. पाय खाली सोडलेले, पंख पसरलेले. या अवस्थेत त्याला चटकन वळता येत नाही, हे आम्ही कितीदा बघितलं होतं. आमचं विमान नेमकं त्याच्या आणि कपारीच्या मध्ये होतं. दरीच्या बाजूला मोकळी जागा होती, पण तिथूनच ते येत होतं. दुसऱ्या बाजूला खडक होता.

सरांनी विमान खडकाकडे वळवलं.

रिकामा डबा आपटावा तसा आवाज झाला. जांभळा तुकडा खाली घसरत गेला आणि एका कंगोऱ्यावर अडकला. सरांनी पेटीवरचे हात काढले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी वनरक्षकाला विचारलं, "बसलं का ते?"

वनरक्षकानं दुर्बीण लावली. "बसलं सर. पिल्लू हाय तिथं. मान हालवतंय."

मग सर खाली बसले.

कंपनीचा अधिकारी त्यांच्याजवळ गेला. चांगल्या मनानंच तो म्हणाला, "सर, वाऱ्याचा झोत आला, असं आपण लिहू. कड्याजवळ होतंच असं. तुम्ही दुसरं विमान करा, आम्ही पुन्हा येऊ."

"झोत नव्हता," सर म्हणाले. "वारा चांगला होता. मी वळवलं."

"पण का सर?"

"त्याच्या घरी पिल्लू होतं."

अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघत होते. मला राग आला होता. दोन वर्षांचं माझं काम त्या कंगोऱ्यावर अडकलं होतं, आणि त्या माणसानं दिलेली पळवाटसुद्धा सरांनी घेतली नव्हती. उतरताना मी त्यांच्या पुढे चालत राहिले. फाट्यावरच्या टपरीवर आम्ही चहाला थांबलो. सरांनी चहा तसाच ठेवला होता, त्यावर साय धरली.

"तुमचं काम बुडवलं मी," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"मी ठरवलं नव्हतं, मॅडम. अंगठा गेला. विचार नंतर आला." चहावरची साय बोटानं बाजूला सारत ते म्हणाले, "पण विचार आल्यावरही तसंच वाटलं. हे सांगायला हवं तुम्हाला, नाहीतर चूक झाली असं वाटेल तुम्हाला."

अहवालात त्यांनी तेच लिहिलं: विमान चालकानं हेतुपुरस्सर खडकाकडे वळवलं. कंपनीकडून एक सभ्य नकार आला. प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं, की प्रयोगाची खोली आता दुसऱ्या विभागाला लागणार आहे. सर हो म्हणाले. खोली रिकामी करायला मुलं आली, तेव्हा ते त्यांच्याबरोबर टेबलं उचलत होते. मला तेव्हा कळलं की ते खचले आहेत, कारण त्या दिवशी त्यांनी एकालाही काही शिकवलं नाही. द्वारकेच्या सिग्नललाही ते वेळेवर निघायला लागले. तिथल्या पोलिसानं मला विचारलं, "सरांची तब्येत बरी आहे ना?"

पडलेलं विमान आणायला गिर्यारोहक तयार होते. सर नको म्हणाले. पिल्लं उडून जाईपर्यंत कड्यावर दोर सोडायचा नाही. पावसाच्या तोंडावर, शेवटचं पिल्लू उडाल्याची खात्री वनरक्षकानं दिल्यावर, दोन जण खाली उतरले आणि पोत्यात भरून अवशेष घेऊन आले. धड चुरा झालं होतं. मोजमापाची यंत्रं उन्हानं आणि दवानं गेली होती. एक पंख मात्र जवळजवळ आख्खा होता. सरांनी तो मांडीवर घेतला आणि मागची कड बोटानं दाबली. ती वाकली. महिनोन् महिने उन्हात पडून, कुठंही चीर नाही. त्यांनी तो माझ्या हातात दिला. मीही दाबून बघितला. मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मला जाणवलं की माझा राग त्या पोत्यात कुठंच नाही.

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. माझी पीएचडी झाली, उशिरा झाली. ती कंपनी परत आली नाही, दुसरीही कुठली आली नाही. सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांच्या केबिनला पुन्हा दार बसवलं गेलं. आता तिथं मी बसते. मी ते काढलेलं नाही. मला दार लागतं. सर अजूनही घारी बघतात, आता घराच्या गच्चीवरून.

पण मला सांगायचंय ते विमान पडलं त्याच्या पुढच्या हिवाळ्याचं. दुसरं विमान सरांच्या स्वयंपाकघरात तयार झालं, कारण ओट्याशेजारची जागा तेवढी मोकळी होती. काकू शाळेतून आल्या की पोळ्या लाटायच्या, आणि त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सर पट्ट्या चिकटवायचे. सिलिकॉनचा वास भाजीला लागतो म्हणून काकूंनी एकदाच तक्रार केली. शालिमारच्या दुकानात जायचं मात्र त्यांनी साफ नाकारलं. तिथं मी गेले. दुकानदारानं विचारलं, "ताण किती हवा मॅडम?"

हे विमान पहिल्यापेक्षा लहान होतं. सरांनी या वेळी स्वतःला एक अट घातली होती: एकाही गिधाडानं आपली वाट बदलली, तर विमान तिथल्या तिथं खाली आणायचं आणि पुन्हा न्यायचं नाही. कॉलेजचं कुणी बरोबर नव्हतं. अधिकारी बाईंनी परवानगी दिली होती. शेकोटीपाशी वनरक्षक, सर आणि मी, एवढेच होतो. सर कधी नव्हे ते घाबरले होते. पेटी गळ्यात अडकवताना त्यांनी पट्टा दोनदा उलटा घातला. मी म्हटलं, "सर, मी चालवू का?" त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "नको. पुन्हा तशी वेळ आली तर ते तुमच्यावर यायला नको."

मी विमान सोडलं. ते कड्यापासून चांगलं लांब राहून हळू जायला लागलं. पंख वाकला. घरट्यावर बसलेलं पाखरू बसूनच राहिलं. आणि मग, मागच्या वर्षी आलं होतं तसंच, धारेमागून एक मोठं गिधाड आलं. सरांचे अंगठे स्थिर होते. गिधाड विमानाच्या बाजूला आलं आणि त्याच वाऱ्यावर, त्याच संथ वेगानं, त्याच्या शेजारून तरंगत गेलं. खालून दोन्ही पंख एकाच वेळी दिसत होते, एक पिसांचा, एक लेगिंगच्या कापडाचा. गिधाडानं एकदा मान तिरकी करून विमानाकडे बघितलं. बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागलं. मग ते उतरलं, कपारीत शिरलं आणि पिल्लाला भरवायला लागलं. आमच्या पडद्यावर ते स्पष्ट दिसत होतं.

"पिल्लू बाळसं धरून हाय बघा," वनरक्षक म्हणाला. सर पडद्याकडे बघतच नव्हते. ते त्या रिकाम्या हवेकडे बघत होते, जिथून ते पाखरू नुकतंच गेलं होतं. फाट्यावर या वेळी त्यांनी चहा प्यायला, वर माझाही अर्धा प्यायला.

घरी पोचलो तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी सरांचा चेहरा बघितला आणि विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," सर म्हणाले.

"म्हणजे पडलं?"

"नाही."

"मग झालं काय?"

"गिधाड आलं. त्यानं बघितलं आणि आपल्या कामाला निघून गेलं. काहीच झालं नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी पुन्हा सरांकडे पाहिलं. सरांचे डोळे भरून आले होते आणि त्या इलॅस्टिकच्या चष्म्याआड त्यांना ते पुसता येत नव्हते.

"एवढ्यासाठी इतकी वर्षं?" काकूंनी हळू आवाजात विचारलं.

"एवढ्यासाठीच," सर म्हणाले, आणि हात धुवायला आत गेले.